पोरीला कुणी पाजलं

लग्न झालं, हे आधीच सांगून टाकते. ऐकणाऱ्याला उगाच टांगणीला लावणारे लोक मला आवडत नाहीत, आणि त्या आठवड्यात मी स्वतः इतकी टांगणीला लागले होते की तो ताप आता दुसऱ्या कुणाला नको. माझी भाची सुखात नांदते आहे. परवाच तिचा फोन येऊन गेला. नवरा स्वयंपाकघरात फार लुडबुड करतो, ही तिची सध्याची सगळ्यात मोठी तक्रार. मी ती मन लावून ऐकते आणि फोन ठेवल्यावर अल्लाचे आभार मानते.

मी जन्मभर अरबी शिकवली. नोकरी पुण्यात झाली, निवृत्त झाल्यावर नगरला माहेरच्या घरी येऊन राहिले. माझा अभ्यासाचा विषय हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या बोलण्यावागण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या हकिगती. ही हकिगत कुणी सांगितली, त्यानं स्वतः ऐकली की दुसऱ्याकडून, मधला माणूस विसराळू होता का, खोटं बोलणाऱ्यातला होता का, हे तपासायचं. मग तिचा अर्थ कुणी कसा लावला ते पाहायचं. लोकांना वाटतं, बाई दिवसभर तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत बसत असेल. खरं तर आमचं काम फौजदाराच्या कामाच्या जवळचं आहे. शंका घ्यायचा पगार मिळायचा मला.

त्यात माझा प्रबंध नेमका दुधाच्या नात्यावर. आमच्यात एखाद्या बाईनं परक्या तान्ह्या बाळाला अंगावर पाजलं, की ती त्याची दूधआई होते, आणि तिची सगळी मुलं त्या बाळाची सख्ख्यासारखी भावंडं होतात. त्यांच्यात लग्न होऊ शकत नाही. एवढं कुरआनात स्पष्ट आहे. पण किती पाजलं म्हणजे पाजलं, बाळ केवढं असेपर्यंतचं धरायचं आणि पाजल्याचं सिद्ध कुणाच्या शब्दावर करायचं, यावर विद्वान शेकडो वर्षं वाद घालत आले आहेत. एक हकिगत अशी आहे, की एका माणसाचं लग्न झालं आणि एक बाई येऊन म्हणाली, तुम्हा दोघांना मी पाजलंय. तो गोंधळला आणि लांबचा प्रवास करून पैगंबरसाहेबांकडे गेला. त्यांच्या उत्तराचा आशय एवढाच होता, की असं बोललं गेल्यावर आता तू तिच्यासोबत कसा राहणार. हा हुकूम धरायचा की सावधगिरीचा सल्ला? काहींनी हुकूम धरला. आम्ही हनफी पंथाचे, आमचे लोक म्हणाले, एका बाईच्या शब्दावर नातं सिद्ध होत नाही, पण मनात किंतु आलाच तर दूर राहणं बरं. मी हे वर्गात फार खुशीत शिकवायचे. एकाच हकिगतीला किती अर्थ फुटतात बघा, म्हणायचे. मुलं मान डोलवायची.

मग एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती देवळाली प्रवऱ्याला असते. तिच्या नवऱ्याचं तिथं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. येत्या रविवारी तिच्या मुलीचा निकाह होता आणि मी शनिवारी जायचं ठरलेलं.

“आपा, आजच ये,” ती म्हणाली. “फूफी म्हणते, हे लग्न होऊच शकत नाही.” आमच्या घरातलं बोलणं दखनी, पण मी इथं ते मराठीतच लिहिते आहे. तिचा आवाज मात्र मला कोणत्याच भाषेत लिहिता येणार नाही.

फूफी म्हणजे माझ्या मेव्हण्यांची थोरली बहीण, कर्जतची. भाचीची ती फूफी, म्हणजे आत्या, म्हणून आम्ही सगळेच तिला फूफी म्हणतो. बाई कडक, पण मनात काळंबेरं नाही. नवरा मुलगा बहिणीच्या समोरच्याच घरातला. गल्लीत वाढलेला, भाचीपेक्षा तीनेक वर्षांनी मोठा, आता संगमनेरला डेअरीत दूध तपासायच्या कामावर. त्याची आई काही वर्षांपूर्वी वारली. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, घरच्यांनी मान्य केलं, सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मी एसटीनं निघाले. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे आणि पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यामुळं विचार करायला भरपूर वेळ मिळाला आणि तो सगळा वाईट गेला.

घरात शिरले तर मांडवाचे बांबू अंगणात आडवे पडलेले. बहीण रडून रडून सुजलेली. फूफी खाटेवर बसलेली, तिचेही डोळे लाल. मी तिच्यापुढं बसले आणि नेमकं काय झालं ते सांगायला सांगितलं.

ते असं होतं. भाची जन्मली तेव्हा बहिणीला बाळंतपणानंतर मोठा ताप भरला आणि तिला नगरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ इथं, बहिणीच्या सासूजवळ. फूफी तेव्हा आईच्या मदतीला कर्जतहून आली होती. वरचं दूध बाळाला पचेना. मग समोरच्या घरातली भाबी, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, रोज येऊन बाळाला घेऊन जायची आणि झोपलेलं आणून द्यायची. ती फूफीच्या आईला सांगायची, पोरीला मी पाजलंय, आता निजू द्या.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” माझा आवाज चढलाच. “साखरपुड्याला जेवून गेलीस.”

फूफी म्हणाली, तिला वाटायचं, दोन बाळं एकाच वेळी एका बाईच्या अंगावर पीत असतील तरच ती दूधभावंडं होतात. मुलगा तर तेव्हा ताटात जेवत होता, मग प्रश्नच कुठं आला. ही समजूत आमच्याकडे गावोगाव आहे, मी स्वतः कित्येक बायकांकडून ऐकली आहे. पण मागच्याच आठवड्यात कर्जतला बायकांच्या बैठकीत एका आलिमाबाईंनी, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेल्या बाईंनी, समजावून सांगितलं, की पाजणारीची आधीची, नंतरची सगळी मुलं भावंडं होतात. फूफी घरी आली ती जेवलीच नाही. आलिमाबाईंचं म्हणणं बरोबर होतं, त्यात मला बोट घालायला जागा नव्हती.

मी माझ्या धंद्यातले प्रश्न विचारले. पाहिलंस का? नाही, ऐकलं. कुणाकडून? खुद्द भाबीच्या तोंडून. कानावर भरवसा आहे? आहे, तुझ्या कानांइतकाच. सांगणारी आणि ऐकणारी यांच्यात मधे कुणीच नाही, ऐकणारी खोटं बोलणारी नाही, तिला यात काही मिळवायचं नाही, उलट सख्ख्या भाचीचं लग्न मोडण्याचं पाप डोक्यावर घ्यायचंय. हकिगत इतकी भक्कम असली की एरवी मी खुश व्हायचे. त्या दिवशी मी मनातल्या मनात तिच्यात भोक शोधत बसले.

दुपारी मशिदीतले मौलाना आले. तरुण आहेत, मदरशात शिकलेले, माझ्याशी अदबीनं वागतात आणि वाद घालायची संधी सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनीही वाद घातला नाही. म्हणाले, “आपा, कायद्यानं हे सिद्ध होत नाही. मी निकाह पढवायला नकार देणार नाही. पण पुढं आयुष्यभर यांच्या मनात येत राहील, त्याचं काय करायचं?” मेव्हणे म्हणाले, मग कार्यालयवाल्याला नको म्हणून कळवतो. नवऱ्या मुलाच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, बायकांचं बायकांत, मला हिनं कधी काही सांगितलं नाही. मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, की ती म्हणेल ते.

भाची मागच्या खोलीत होती. ती रडत नव्हती. मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि माझ्या सवयीनं सुरुवात केली, की शाफई पंथाच्या लोकांच्या मते असं, आपल्याकडं तसं, आणि शंका म्हणजे पुरावा नव्हे. तिनं मला मध्येच थांबवलं.

“खाला, बाकीच्यांचं नको. तुझं सांग. तुझ्या मुलीला तू दिलं असतंस?”

किती पानं लिहिली होती मी यावर! मी तिचा हात धरून बसले, आणि मला त्या वेळी माझ्या सगळ्या विद्वत्तेचा राग आला, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारी केळवण होतं. बहिणीच्या घराला लागूनच एक मराठा कुटुंब आहे, उसाची शेती, दावणीला चार जनावरं. त्या घरच्या काकूंनी भाचीला आणि आम्हा सगळ्या बायकांना जेवायला बोलावलं होतं, आणि त्यांचं आवतण मोडायचं धाडस कुणाला झालं नाही. लग्नाचं बघू, केळवण तर खाऊन येऊ, असं म्हणून आम्ही गेलो. फूफीसुद्धा आली. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. पाटाभोवती रांगोळी. काकू तुपाची वाटी घेऊन उभ्या. भाचीनं पहिला घास मोडला आणि तो तोंडाशी नेता नेता तिला रडू फुटलं.

काकूंना वाटलं, सासरी जायचं म्हणून. त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “समुरच तर जायचंय, यडे.” मग बहिणीला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं, भाबीनं पाजलं म्हणून ही दोघं बहीणभाऊ ठरतात, लग्न मोडतंय.

काकूंनी तुपाची वाटी खाली ठेवली. उठून बाहेरचं दार लावून घेतलं. घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी लावलं.

“भाबीनं कुटलं पाजलंय,” त्या म्हणाल्या. “तिच्या अंगावर दूध हुतं कुटं? मी पाजलंय हिला.”

“तुम्ही? कधी?” फूफीनं विचारलं.

“हिची आई दवाखान्यात. वरचं दूध दिलं की पोर वकायची. तिचं रडनं हितं भिताडातनं ऐकू यायचं, आन्‌ मला पान्हा फुटायचा. माजं पोरगं तवा लहान हुतं, दूध लई हुतं मला. पर सांगनार कुनाला? हिकडं आमची सासू, तिकडं हिची आजी. दोगी बी शिवाशिवीच्या पक्क्या. माज्या सासूला कळतं तर मला चुलीला हात लावू दिला नसता. आन्‌ हिची आजी तर मुसलमानाबिगर कुनाचं पान्यानं भरलेलं भांडं घ्यायची न्हाई. मंग भाबी म्हनली, मी आनते तिला पदराखाली. तू सांजच्याला गोठ्यात धारा काढायला ये. आजीनं इचारलं तर मी माजं नाव सांगते.”

“किती दिवस?” मी विचारलं. सवय जात नाही.

“आपा, मोजलं कुनी. हिची आई घरी येईपतुर.”

माझ्या मनात चक्र फिरायला लागलं होतं. आता माझ्यापुढं दोन हकिगती होत्या आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. एक फूफीनं भाबीच्या तोंडून ऐकलेली. दुसरी जिनं पाजलं तिच्याच तोंडची. पण ही दुसरी सांगणारीही एकटीच होती, आणि भाचीवर तिचा जीव. लग्न वाचवायला ती खोटं बोलत नसेल कशावरून? मनात आलं आणि लाज वाटली, तरी आलंच. पुन्हा फूफी. तिला हे पटलं नाही तर सगळं पुन्हा तिथंच.

फूफी ताटाकडं बघत होती. मग काकूंना म्हणाली, “गोठ्यात?”

“व्हय. म्हशीच्या पल्याड वैरनीची गंज हुती, तितं.”

फूफीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं, आता काय नवीन. पण ती हसत होती, आणि हसता हसता रडत होती. म्हणाली, “अम्मी रोज ओरडायची भाबीला. पोरीच्या केसांत वैरणीचा चुरा येतो म्हणून. कुठं घेऊन हिंडतेस, म्हणायची. भाबीच्या घरी कुठली आली वैरण? त्यांच्याकडं तर शेळीसुद्धा नव्हती.”

तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हे फूफी स्वतःच्या आठवणीतून बोलत होती, काकूंनी तिला केसांतल्या चुऱ्याचं काही सांगितलं नव्हतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या हकिगती एका जागी मिळाल्या की आमच्या अभ्यासात त्याला फार मोल असतं. फूफीनं ऐकलेला शब्द खराच होता. तिचा कान खरा, तिची आठवण खरी. पण भाबी ते वाक्य कुणासमोर बोलत होती, कशासाठी बोलत होती, हे कळल्यावर त्याच शब्दांचा अर्थ साफ उलटला. बोलणं कोणत्या प्रसंगी झालं ते पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका, हे मी वर्गात किती घसा ताणून सांगितलं असेल. आणि बिचाऱ्या भाबीला तरी ते वाक्य आपल्याच लेकाच्या आड येईल असं का वाटावं? तिचीही समजूत फूफीसारखीच असणार, की लेक ताटात जेवतो, आता काय होतंय.

भाची समोरच्या पुरणपोळीकडं बघत होती. मग तिनं ती उचलली आणि खायला लागली. एक संपली, दुसरी घेतली, दुसरीवर तूप मागून घेतलं. बहीण म्हणाली, “अगं हळू,” आणि तीच पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागली. मी किती पोळ्या खाल्ल्या ते मला आठवत नाही. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि तसं पुरण मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

संध्याकाळी मौलाना पुन्हा आले. फूफीनं स्वतः त्यांना सगळं सांगितलं, वैरणीसकट. त्यांनी काकूंनाही बोलावून घेऊन विचारलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आपा, तुमचं काय म्हणणं?” मी म्हटलं, “आता मला विचारू नका, मला फक्त झोप येते आहे.” ते हसले. म्हणाले, शंकेची जी गाठ होती ती सुटली, रविवारी निकाह आहे. मेव्हणे तेवढ्यात कार्यालयवाल्याला फोन करायला बाहेर धावलेही होते. फाटकापाशी त्यांचा मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज येत होता आणि गल्लीतल्या कुणालाही तो ऐकायला त्रास झाला नसेल.

फूफी मात्र उठली नाही. तिला अर्धवट काही चालत नाही. तिनं मौलानांना विचारलं, “मग या काकू पोरीच्या कोण?”

मौलाना म्हणाले, “दूधआई.”

“त्या मुसलमान नसल्या तरी?”

“दुधाला त्यानं फरक पडत नाही. त्या आई, त्यांचे मालक वडिलांच्या जागी, त्यांची मुलं भाऊ.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलवली. यावर कुणाचं दुमत मला तरी माहीत नव्हतं.

काकूंनी ते ऐकलं. धारा काढायच्यात म्हणून घाईघाईनं उठून गेल्या.

रविवारी निकाह झाला. बिर्याणीत मीठ कमी होतं, पंखे बंद पडले, नवऱ्याच्या मित्रांनी नको तितके फोटो काढले, आणि मला ते सगळंच आवडलं. काकूंसाठी बहिणीनं शाकाहारी जेवण वेगळं सांगितलं होतं, आणि त्यांना तिनं आपल्या शेजारी, नवरीच्या आईच्या बाजूला बसवलं. काकू नवं लुगडं नेसून अवघडून बसल्या होत्या.

निरोपाची वेळ आली. भाची वडिलांना भेटली, चुलत्यांना भेटली. काकूंचा थोरला मुलगा, गोठ्यातल्या त्या दिवसांत अंगावर पिणारा तोच, कार्यालयाच्या दारापाशी उभा होता. नवरीचं सामान त्याच्याच टेम्पोत चढवलेलं. तो आणि भाची एका शाळेत होती, पण मोठी झाल्यावर तिनं त्याच्यासमोर यायचं सोडलं होतं आणि तोही कधी त्यांच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. आताही तो खाली बघत बाजूला सरकला, तिला जायला वाट करून द्यायला.

फूफी पुढं झाली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत भाचीपुढं आणून उभं केलं. भाचीनं पटकन ओढणी तोंडावर ओढली.

“कशाला झाकतेस?” फूफी तिच्यावर खेकसली. “भाऊ आहे तुझा. भेट त्याला.”

भाचीनं ओढणी मागं सारली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडायला लागली. त्याला काय करावं कळेना. त्याचे हात तसेच खाली लोंबत राहिले. त्यानं आधी आपल्या आईकडं पाहिलं. काकूंनी मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.